पंधरा फेऱ्या

आमच्या धक्क्यावर मासे साफ करायची पत्र्याची शेड आहे, ती मी चालवते. ईरी सरोवरातून बोटी परतल्या की माणसं बर्फाच्या पेट्या माझ्यापुढे आणून आदळतात आणि मी वॉलाय कापत बसते. पांढुरक्या डोळ्यांचा हा मासा मेल्यावरही आपल्याकडेच बघत असतो. त्याच्या बघण्याचं मला काही वाटेनासं झालंय, पण मनगटांना अजून सगळं वाटतं. सकाळी कॉफीचा मग उचलायला दोन्ही हात लागतात.

शेडच्या डावीकडे माझा मोठा भाऊ आर्विद याची बोट बांधलेली असायची, उजवीकडे धाकट्या रेनोची. मी मधली. जन्मानं मधली आणि कर्मानंही. आठ वर्षं हे दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. बाहत्तर आणि सहासष्ट वर्षांचे बाप्ये, आणि वागणं शाळेतल्या पोरांचं.

‘एल्मा, त्याला सांग, त्याचा दोर माझ्या खुंटाला घासतोय,’ रेनो म्हणायचा.

‘तूच सांग की. तो काय, समोर उभा आहे.’

‘तू सांग.’

मग मी सुरी खाली ठेवायची, हात पुसायचे, उजवीकडून डावीकडे जायचं. आर्विद सगळं ऐकलेलं असूनही माझं बोलणं संपेपर्यंत थांबायचा आणि म्हणायचा, ‘त्याला म्हणावं, खुंट माझ्या बापानं ठोकलाय.’ की मी परत उजवीकडे. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात. मी तर पाहुणीही नव्हते, मी टपाल होते.

भांडण कशावरून झालं, ते सांगते. आमच्या बाबांच्या शेवटच्या उन्हाळ्यात त्यांना एकदा, शेवटचं, सरोवरावर जायचं होतं. जन्मभर ते आर्विदबरोबर मासेमारीला गेले. रेनो सोळाव्या वर्षी घर सोडून खनिजाच्या जहाजांवर गेला होता, पुढे मिशिगन सरोवरावर सॅमन पकडणाऱ्या बोटींवर राहिला आणि पन्नाशी उलटल्यावर स्वतःची बोट घेऊन परत आला. येऊन बाबांच्या अवतीभोवती असा घोटाळायचा, की बघवायचं नाही. तो म्हणाला, ‘या वेळी बाबांना मी नेतो.’ आर्विदकडे त्या दिवशी गिऱ्हाइकं होती. तो म्हणाला, ‘ने.’

मी बाबांना धरून बसायला म्हणून रेनोच्या बोटीवर गेले. बाबा खुर्चीत, गुडघ्यांवर घोंगडी, डोळ्यांनी जवळजवळ आंधळे. त्यांनी हट्टानं स्वतःची जुनी रिळं बरोबर घेतली होती. आजच्या रिळांवर किती फूट तंगूस, म्हणजे गळाची दोरी, सुटला, त्याचा आकडा दिसतो. त्या जुन्या रिळांवर तसलं काही नव्हतं, रिळावर सरकणाऱ्या कडीच्या फेऱ्या मोजाव्या लागायच्या.

पाणी काचेसारखं होतं. लांबवर आर्विदची बोट दिसत होती आणि तिच्यावर एकामागून एक मासे चढत होते. रेनोनं रेडिओवर विचारलं, ‘किती?’ आर्विद म्हणाला, ‘पासष्ट खाली, पंधरा मागे.’ म्हणजे शिशाचा गोळा पासष्ट फूट खोल सोडायचा, आणि आमिष त्या गोळ्याच्या मागे पंधरा फेऱ्यांच्या अंतरावर ठेवायचं. बाबांनी ते ऐकलं आणि मान हलवली. ‘पंधरा,’ ते म्हणाले. ‘बरोबर.’

रेनोनं पंधरा सोडल्या. दिवसभर आमची काठी हलली नाही. बाबा कान देऊन बसले होते, कारण मासा लागला की तंगूस गोळ्याच्या चिमट्यातून सुटतो आणि काठी ताडकन सरळ होते, तो आवाज त्यांना ओळखीचा होता. तो आला नाही. परतताना ते एवढंच म्हणाले, ‘आज मासा नव्हता.’ धक्क्यावर आर्विदची गिऱ्हाइकं माशांनी भरलेल्या पेटीपुढे फोटो काढत होती. पानं गळायच्या आत बाबा गेले.

चर्चच्या तळघरात, अंत्यविधीनंतरच्या कॉफीला, हातात पुल्लाचा, आमच्या गोड वेलचीपावाचा, तुकडा धरून रेनो सगळ्यांसमोर आर्विदला म्हणाला, ‘तू मला खोटा आकडा दिलास. बाबांच्या हातात माझ्या बोटीवर मासा पडू नये म्हणून.’ आर्विदनं कप खाली ठेवला, कोट घातला आणि गेला. मी मागे धावले. म्हटलं, ‘अरे, काहीतरी बोल.’ तर म्हणे, ‘मी बाबांच्या बाबतीत खोटं बोलेन असं ज्याला वाटतं, त्याला काय सांगू?’ आमच्याकडच्या पुरुषांना गप्प बसण्याचं बाळकडू मिळतं. नंतर ते थुंकता येत नाही.

तर यंदा आर्विदचा खांदा निकामी झाला. डॉक्टरनं सांगितलं, बोट विका. मुलगी ॲरिझोनात असते, तिनं खोली रंगवूनही ठेवली.

‘वाळवंटात काय करणार तू?’ मी विचारलं.

‘मासे डब्यातून काढून खाणार. काटे नसतात म्हणे त्यात.’

तो शुक्रवारी जाणार होता. मला इतकंच हवं होतं की जाण्याआधी या दोघांनी एकमेकांशी एक शब्द बोलावा. गळ्यात पडावं, रडावं, असं काही नाही. एक शब्द. नाहीतर पुढची वाट मला दिसत होती: कधीतरी ॲरिझोनातून फोन येणार, एक भाऊ गेला म्हणून, आणि दुसरा माझ्याकडे येऊन म्हणणार, ‘एल्मा, माझ्या वतीनं फुलं पाठव.’ ते निरोपाचं काम माझ्यानं झालं नसतं. मी खरंच थकले होते.

गुरुवारी सकाळी आर्विद शेडपाशी येऊन उभा राहिला.

‘चल, शेवटची चक्कर मारून येऊ.’

‘मी? मला कापता येतो मासा, पकडता येत नाही.’

‘मी सुकाणू धरतो. काठ्या तू बघ. माझा हात वर जात नाही.’

‘माझा जातो असं तुला कोण म्हणालं?’

‘दोघांचे मिळून दोन हात भरतील,’ तो म्हणाला. नाही म्हणायलाही जोर लागतो. मी एप्रन काढला.

विकत घेणारा बोट शुक्रवारी नेणार होता, पण नवी रिळं त्यानं आधीच नेली होती. उरली होती बाबांची जुनी. तीच आर्विदनं काठ्यांना लावली. दीपस्तंभ मागे पडला, पाणी हिरव्याचं निळं झालं, आणि माझ्या लक्षात आलं की रेनोची बोटही बाहेर आहे, आमच्यापासून हाकेच्या जरा पलीकडे. तो एकटाच होता. त्याची काठी मेल्यासारखी वाकून पडलेली.

‘आज तोही रिकामाच दिसतोय,’ मी म्हणाले.

आर्विदनं इंजिनाचा आवाज कमी केला आणि म्हणाला, ‘आधी आमिष पाण्यात टाक. चमच्याच्या आकाराचं, जांभळं. हां. आता रिळावर अंगठा ठेवून तंगूस सोड. गोळ्यापासून लांब हवं. हा मासा भित्रा. स्वच्छ पाण्यात गोळा दिसला की पसार होतो.’

‘किती सोडू?’

‘पंधरा.’

बाबांच्या त्या रिळांच्या तोंडाशी एक छोटी कडी असते. तंगूस सुटायला लागला की ती कडी रिळाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकते, मग उलट फिरते. मी मोजायला लागले. आमच्या घरच्या फिनिश भाषेत. युक्सी. काक्सी. कोल्मे. पंधरा झाल्या तसा अंगठा दाबला.

‘थांबलीस का?’ आर्विद म्हणाला.

‘झाल्या पंधरा.’

‘कशा झाल्या? तू आत्ताच तर सुरुवात केलीस.’

‘अरे, मोजल्या मी. इकडून तिकडे गेली एक, तिकडून इकडे आली दोन...’

‘हे कुणी शिकवलं तुला?’ तो हसला. खांदा दुखला तसा कळवळला आणि पुन्हा हसला. ‘वेडे, जाऊन-येऊन एक. गेली आणि परत आली की एक फेरी. बाबा तसंच मोजायचे, मीही तसंच मोजतो. तुझ्या निम्म्याच झाल्यात. सोड अजून.’

मी सोडत गेले. आठ, नऊ. तंगूस सुटतच होता, सुटतच होता. जांभळा ठिपका लाटांत केव्हाच दिसेनासा झाला होता. आणि अकराव्या का बाराव्या फेरीला माझा हात आपोआप थांबला.

कारण फेऱ्या मोजताना मी जन्मात एकच माणूस पाहिला होता. ज्यानं मला हे शिकवलं तो रेनो होता, त्या दिवशी, बाबांच्या खुर्चीशेजारी उभं राहून. बाबांना ऐकू जावं म्हणून तो मोठ्यानं मोजत होता. युक्सी, काक्सी, कोल्मे. बाबा त्या भाषेवर खूश होऊन हसत होते. आणि तो किती लवकर पंधरावर आला होता! एका दमात. पोरं लपाछपीत भरभर आकडे म्हणतात तसा.

‘आर्विद,’ मी म्हणाले, ‘रेनो माझ्यासारखं मोजतो.’

‘हं?’

‘गेली एक, आली दोन. मिशिगनला शिकला असेल, त्या सॅमनवाल्यांकडे. त्या दिवशी त्यानं पंधरा सोडल्या, पण त्या त्याच्या पंधरा. तुझ्या साडेसात. मोठ्यानं मोजत होता, बाबा हसत होते; मी तिथंच होते, माझ्या कानांनी ऐकलंय. आमिष गोळ्याच्या इतकं जवळ होतं, की मासा फिरकणार कसा?’

आर्विदनं रिळाकडे पाहिलं. इंजिन घरघरत राहिलं. सॅमन मासा धीट असतो, गोळ्याच्या नाकाशी येऊन आमिष गिळतो, त्यामुळे तिकडचा शिकलेला रेनो इतकं कमी अंतर ठेवताना जराही बिचकला नसणार. हे आर्विदलाही सुचलंच असेल. मी रडत होते का हसत होते, मला कळत नव्हतं. आठ वर्षं! एका लोखंडी कडीपायी आठ वर्षं मी दोन घरांमध्ये चपला झिजवल्या होत्या.

‘उचल तो रेडिओ,’ मी म्हणाले. ‘सांग त्याला. आत्ताच्या आत्ता सांग, की तू खोटं बोलला नव्हतास.’

‘आणि काय सांगू? की बाबा रिकाम्या हातानं परतले ते तुझ्या मोजण्यामुळे?’

मी रिळावरचा अंगठा तसाच दाबून धरला.

‘घर सोडून गेलेला पोरगा तो,’ आर्विद म्हणाला. ‘बाबांना काहीतरी द्यायचं होतं त्याला, आणि एकच दिवस मिळाला. माझ्यावर चिडून का होईना, तो दिवस त्यानं सांभाळून ठेवलाय. तोही काढून घेऊ?’

‘मग तू असाच जाणार? न बोलता?’

‘तू नाही सांगायचंस. शपथ घे.’

‘शपथबिपथ काही घेणार नाही मी. दमलेय मी तुमच्या शपथांनी.’

‘मग नुसती गप्प बस.’

आता याला काय म्हणायचं? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मी उरलेल्या फेऱ्या सोडल्या, चिमट्यात तंगूस अडकवला, गोळा पासष्ट फुटांवर सोडला आणि बाकावर जाऊन बसले. इतका राग आला होता, की समोरचं सरोवरही दिसेना. रेनो इतकी वर्षं भावाला खोटारडा समजत होता आणि आता भाऊ ते तसंच ठेवणार होता, वर त्याला माया म्हणणार होता.

तेवढ्यात काठी ताडकन सरळ झाली.

मासा चांगला होता, मनगटं तुटेपर्यंत मी तो ओढला. आर्विदनं डाव्या हातानं जाळी लावली. मासा फळीवर धडपडत असताना त्यानं रेनोच्या बोटीकडे पाहिलं आणि रेडिओ उचलला.

‘रेनो. आर्विद बोलतोय.’

नुसती खरखर.

‘बाबा होते त्या दिवशी मी तुला पंधरा सांगितल्या,’ आर्विद म्हणाला. ‘आकडा चुकला. तीस सांगायला हव्या होत्या. माझी चूक.’

त्यानं बटण सोडलं. मी तोंडावर हात दाबून धरला होता. या बोलण्याला खोटं तरी कसं म्हणायचं? रेनोच्या मोजणीनं तीसच होत्या. फक्त चूक कुणाची, तेवढं त्यानं इकडचं तिकडे केलं होतं.

खरखर चालू राहिली. मग रेनोचा आवाज आला.

‘आज कितीवर आहेस?’

‘पासष्ट खाली. मागे फुटांत सांगू?’

‘सांग.’

‘दीडशे.’

‘बरं,’ रेनो म्हणाला. आणि थोड्या वेळानं, ‘जांभळं?’

‘जांभळं.’

एवढंच. मला हवा होता तो एक शब्द झाला, वर आणखी काही मिळाले. पण मला आनंद होईना. बाबांच्या खुर्चीत बसल्यासारखी मी बाकावर बसून राहिले, आवाजाकडे कान देऊन.

संध्याकाळी रेनो आमच्या बाजूला आला. आठ वर्षांत पहिल्यांदा त्यानं शेड ओलांडली. हातात दोन मासे होते. आर्विदनं बाबांची दोन्ही रिळं त्याच्यापुढे धरली. ‘तिकडे वाळूत मला काय उपयोग,’ तो म्हणाला.

रेनोनं ती घेतली. एका रिळाची कडी अंगठ्यानं सरकवत तो म्हणाला, ‘पण बाबाही पंधराच म्हणाले होते. मान हलवली होती त्यांनी.’

‘बाबा थकले होते,’ आर्विद म्हणाला.

माझ्या हातातली सुरी माशाच्या पाठीच्या काट्यावर अडली. आता बाबांच्याही माथी मारलं. मी तोंड उघडलं होतं, अगदी उघडलं होतं. आर्विदनं माझ्याकडे पाहिलं आणि मी ते मिटलं. रेनो रिळं काखेत मारून गेला.

शुक्रवारी सकाळी आर्विदची गाडी भरून तयार होती. मी थर्मासमधून कॉफी आणली होती. तेवढ्यात रेनो आला. दाढी केलेली नाही, डोळे सुजलेले, काखेत एक रीळ. बुटांना दवानं भिजलेलं गवत चिकटलेलं. त्याच्या परसात कुंपणाच्या खांबाला तंगूस बांधून तो पहाटेपासून चालत होता, हे मला मागून त्याच्या बायकोनं सांगितलं.

तो आर्विदसमोर उभा राहिला.

‘पंधरा,’ रेनो म्हणाला.

‘तीस. सांगितलं ना तुला.’

‘तू चुकशील, आर्विद. तू काय, दहा वेळा चुकशील. पण बाबा पंधरावर मान हलवतील आणि पंधरा चूक निघतील, हे व्हायचं नाही.’ त्यानं रिळाची कडी सरकवून दाखवली. ‘जाऊन-येऊन एक. हो ना? तुमच्या पंधरा दीडशे फूट भरतात. मोजून आलोय मी.’

आर्विदनं गाडीच्या दाराचा आधार घेतला. ‘हो,’ तो म्हणाला.

‘म्हणजे मी...’

‘तू त्यांना नेलंस,’ आर्विद म्हणाला. ‘मोठ्यानं आकडे म्हणालास आणि ते हसले. एल्मानं सांगितलं मला.’

रेनो तिथेच गाडीच्या पायरीवर बसला आणि ते रीळ मांडीवर घेऊन रडला. आर्विदला खाली वाकता येत नव्हतं. तो नुसता त्याच्या डोक्यावर हात ठेवून उभा राहिला, बऱ्या असलेल्या खांद्याचा. मी कॉफी ओतली, कारण मला दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं. अर्धी सांडली.

मग रेनोनं बाहीनं नाक पुसलं आणि माझ्याकडे वळला.

‘तुला माहीत होतं?’

‘कालपासून.’

‘आणि मला बोलली नाहीस?’

‘आठ वर्षं तुमचे सगळे निरोप पोचवले,’ मी म्हणाले. ‘हा एक नाही पोचवला.’

आर्विद गाडीत बसला. काच खाली केली, आरसा नीट केला. रेनो दारापाशी उभा होता, हात काचेच्या कडेवर.

‘पोचलास की फोन कर.’

‘करेन एल्माला.’

‘एल्माला नको,’ रेनो म्हणाला. ‘मला कर.’